डेक्लनचं मूळगाव

अंबाजी : थांब, थांब. हा नकाशा उलटा तर धरला न्हाईस ना?

नूतन : नाही, आजोबा. हे त्यांचं गाव, आयर्लंडमधलं. काळे ठिपके म्हणजे घरं. आणि हे डेक्लनच्या खापरपणजोबांचं.

मनुबाई : इवलंसं! आपल्या कोंबड्यांचं खुराडं याहून मोठं हाय.

नूतन : आजी, नकाशा आहे तो!

मनुबाई : कळतंय गं मला. यांना हसवाया बोलले. तू आल्यापासून तोंड फुगवून बसलेत. तुझ्या आईबापाला चालतंय, यांचंच अडलंय. पोराला वाटेला लावाया म्हणाले, मूळगाव दाखव, मंग लग्नाचं बोल. आन् त्यानं दाखवलं!

अंबाजी : मी काय वंगाळ इचारलं? आपल्या तळे गावातली पोरगी द्यायची तर मूळगाव इचारतातच. गोरा हाय म्हणून सूट द्यायची?

मनुबाई : सूट कसली! तुम्हांला वाटलं, गोऱ्याला आज्याचं नावसुदिक ठाऊक नसंल.

अंबाजी : वाटलं होतं. पुढं सांग गं. शेती कसली?

नूतन : बटाटा. थोडे ओट. अख्खा हिवाळा डेक्लन चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढत होता. मी हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून घरी यावं, तर हा नकाशावर भिंग धरून. आणि आजोबा, एक आत्ताच सांगते. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाऊन लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही.

अंबाजी : धमकी नगं देऊ, देव सांग. त्यांचा देव कुठला?

नूतन : शेताच्या कोपऱ्यात विहीर आहे, पवित्र मानतात. बाजूच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधतात.

मनुबाई : अगं बाई! मंग आपल्यातलेच की!

अंबाजी : तू लगेच सोयरीक जुळवू नको. हा दुसरा कागद कसला? हितं तर बंगला दिसतोय. बाग हाय.

नूतन : ते चुकलेलं. शेजारच्या गावात त्याच आडनावाचे मोठे जमीनदार होते. डेक्लन आधी त्यांनाच आपले समजला. त्याची आई तर नातेवाइकांना फोन करत सुटली होती. पण पणजीचं नाव काही जुळेना. मग त्याने ते सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून शोधलं.

अंबाजी : जमीनदार सोडले?

नूतन : हो. आणि हे सापडले. दुसऱ्याची जमीन कसणारे. बटाट्यावर रोग पडला, मालकाने छप्पर पाडून हाकलून दिलं. हा नंतरचा नकाशा बघा, एकही ठिपका नाही.

अंबाजी : हे बी त्यानंच धाडलं?

नूतन : मी म्हटलं होतं, हाकलल्याचं गाळू या. तर माझ्यावरच चिडला.

अंबाजी : त्यो बंगला ठेवला असता, तर मला तळ्यात बसून काय कळलं असतं?

नूतन : काहीच नाही.

अंबाजी : मंग?

नूतन : म्हणाला, आजोबांनी माझी माणसं विचारलीत.

मनुबाई : ऐका! न्हायतर तुमचे वडील. आमच्या वटीवर बसून सांगितलं, आंब्याची पन्नास कलमं. मी आले तर दोन. त्यातलं एक शेजाऱ्याचं.

अंबाजी : फांदी आपल्याकडं होती.

मनुबाई : फांदीवर पोरगी दिली माझ्या बापानं!

अंबाजी : (नकाशा जवळ ओढून) नूतन, निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी मी जुळवल्या. आपल्या मेलेल्यांना समदे वीतभर वाढवून सांगतात. हातात आलेला बंगला टाकून उघड्यावर पडलेला आजा घरी आणणारा ह्योच पयला बघितला. आता कोण ऱ्हातं तिथं?

नूतन : कुणी नाही. मेंढ्या चरतात. दगडांचे बांध तेवढे उरलेत.

अंबाजी : मंग अडचण हाय.

नूतन : कसली, आजोबा?

अंबाजी : लग्नाचं पयलं आवतान दोन्हीकडच्या मूळगावाला जातं. घ्यायला माणूस नको?

मनुबाई : अवो, म्हंजे तुम्ही...

अंबाजी : तू गप गं. नूतन, त्याला सांग, पत्रिका त्या बांधावर ठेवून ये. आन् वर एक दगड ठेव म्हणावं. वारं असंल तिकडं.