अभय हिवराळेचा ब्रेक

...आणि वरून म्हणे, हात लई गोड, पण ब्रेक नाय! अहो, पंधरा वर्षं! पंधरा वर्षं माणूस दर रविवारी सकाळी शहागंजच्या त्या क्लबात येतोय, खाली बांगड्यांचं दुकान, वर पूलची तीन टेबलं, जिना असा की जाडा माणूस अर्ध्यात अडकावा, आणि त्याला टीममधून काढायचं कारण काय, तर ब्रेक नाय! तुम्हाला सांगतो, अभय हिवराळेच्या जागी दुसरा असता ना, तर त्यानं काठी तिथंच मोडली असती. पण अभय पडला मऊ. कामच तसलं, रक्त काढायचं! लॅबमध्ये दिवसाला साठ-सत्तर जणांच्या शिरेत सुई घालतो, म्हाताऱ्या विचारतात, "झालं का रे बाबा? मला तर कळलंच नाय!" असा हात. दोन बॉल एकमेकांना चिकटून बसलेले असू द्या, हा फुंकर घातल्यासारखा एकाला पॉकेटात घालणार आणि दुसऱ्याला जागचं हलू देणार नाय. पण ब्रेक...!

ब्रेक म्हणजे, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, पंधरा बॉल तिकोनात गच्च रचलेले, त्यांच्यावर पांढरा बॉल सोडायचा, सगळे उधळले पाहिजेत. एखादा पॉकेटात पडला तर पुढची पाळी तुमचीच, नाय पडला तर समोरच्याची. अन् अभयचा ब्रेक? ठप्. बस. चार बॉल कडेला सरकायचे, बाकीचे अकरा तिथंच घोळका करून उभे! क्लबाचे मालक खालेदभाई गल्ल्यावरून ओरडायचे, "अभयभाई, ब्रेक मारे क्या सलाम करे?"

आता नांदेडला स्पर्धा, चार जणांची टीम, कप्तान शिवम. हा शिवम कोण? ज्याला काठी धरायला अभयनं शिकवलं, तोच! त्यानं अभयच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी पडेल आवाजात, "सर, राग मानू नका. तुमचा हात लई गोड. पण ब्रेक नाय ना, सर. चौथ्या जागेला आपल्या क्लबातल्याच प्रणयचं नाव टाकतोय. सहा महिने आहेत. जायच्या आधी तुम्ही दोघं खेळा, जिंकेल तो येईल." सर म्हणतो! सर म्हणून बाहेर काढतो!

अभयला ते लागलं. रात्रीची झोप राहू द्या, दुपारचं जेवण गेलं बघा. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर जगातले एकेक प्रोफेशनल ब्रेक मारतायत, तेही स्लो मोशनमध्ये. एकेक व्हिडिओ चाळीस वेळा! घरी निशा, त्याची बायको, विचारायची, "एवढं काय बघताय?" "पाय." "कुणाचे?" "फिलिपिन्सच्या एका माणसाचे."

पण त्या पायांनीच त्याला शिकवलं. तो माणूस काडीसारखा, अभयच्या निम्मा, आणि ब्रेक मारला की टेबल हादरायचं! कसं काय? अभय बघत राहिला, बघत राहिला... आणि सापडलं. ताकद हातात नाहीच! काठी मागं नेताना सावकाश, मागं क्षणभर थांबायचं, मूठ सैल, चिमणीचं पिल्लू धरल्यागत, आणि सगळा वेग शेवटच्या वितीत, कमरेतून. अन् आपला अभय? जोर लावायचा म्हटलं की मूठ आवळायचा, दात आवळायचा, जोर सगळा खांद्यातच अडकून बसायचा!

मग घरात फरशी पुसायच्या दांड्यानं सराव. मिसळणाचा डबा गेला, फिल्टरची तोटी गेली. "शेजारच्या लीलाबाई विचारत होत्या, तुमच्यात भांडणं होतात का," निशा म्हणाली, "मी व्हय म्हणून सांगितलं. खरं सांगायची लाज वाटली."

पाचव्या महिन्यात एका रविवारी... फाड्! असा आवाज झाला की खालेदभाई चहा सांडत आले, "या अल्लाह, मेरा टेबल!" बॉल चारी दिशांना, तीन पॉकेटात, आणि पांढरा टेबलाच्या मधोमध गुमान उभा. अभयच्या डोळ्यांत पाणी. त्यानं तिथूनच निशाला फोन लावला, "झाला!" "काय झाला?" "ब्रेक!" "बरं. येताना कोथिंबीर आणा."

आला सामन्याचा दिवस. जो आधी पाच गेम घेईल तो नांदेडला. चार-चार झाले. शेवटच्या गेमला टॉस, अभय जिंकला, म्हणजे ब्रेक त्याचा. हात लई गोड, पण ब्रेक नाय म्हणणारे सगळे भिंतीला टेकून उभे. अभय वाकला, श्वास सोडला, काठी मागं, थांबला... फाड्! तुम्हाला सांगतो, असा ब्रेक त्या जिन्यानं वर आलेल्या कुणीच पाहिला नव्हता. पंधराच्या पंधरा बॉल सुटे, एकाला एक चिकटलेला नाय!

आणि पॉकेटात? एकही नाय.

प्रणयची पाळी. त्यानं काठीला खडू लावला, टेबलाकडं बघितलं आणि हसला. का नाही हसणार? सगळं मोकळं, ताटात वाढल्यासारखं! एक, दोन, तीन... आपले सातही आणि वर शेवटचा काळा, म्हणजे गेमच. खलास. अभयला पाळीच आली नाय. खुर्चीत काठी उभी धरून बसला होता, आणि बसल्या बसल्या त्याला कळलं, की पंधरा वर्षं तो अकरा बॉलचा घोळकाच त्याचा होता. तो घोळका सोडवायला दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता. लोक त्यात फसायचे, हा जिंकायचा. ती खोडच होती ना, ती त्यानं सहा महिने राबून काढून टाकली!

शिवमनं पळत येऊन पाय धरले, "सर, काय ब्रेक मारला! अगदी प्रोफेशनल!" मनापासून म्हणाला हो, तेच वाईट.

घरी निशानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जुनाच मारा की." मारतो की! महिनाभर मारतोय! येतच नाय! काठी हातात घेतली की कंबर आपोआप पुढं, मूठ सैल, फाड्! अंगात मुरलं ते निघेल कसं?

टीम नांदेडला जाऊन आली, हरली का जिंकली हे अभयनं विचारलं नाय. रविवारी तो अजून जातो. अख्ख्या शहागंजात त्याच्यासारखा ब्रेक नाय, सगळे मानतात. आणि तो टॉस जिंकला ना, की खिशातला रुमाल काढतो, हात पुसतो आणि समोरच्याला म्हणतो, "भाऊ, ब्रेक तुम्हीच करा."