बाजार फिरून आलेली बदकं

अगं, चोच काय उघडून बघतेस, दात मोजायला बोकड आहे का ते? पिसं बघ, पिसं — अशी चमक अख्ख्या फायूमच्या बाजारात दाखव, उम्म वगदी हे माझं नाव सांगणार नाही. आणि चिवट म्हणशील तर — आमच्या गच्चीवरच्या कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, माना टाकल्या, सगळ्या गेल्या गं. या दोन बदकांना साधी शिंक नाही! काय? कशाने मेल्या? नजर लागली, दुसरं काय. तू खुशाल सोड यांना तुझ्या कोंबड्यांत.

मग विकतेय कशाला? अगं, माझी इब्तिसाम दवाखान्यात पडलीय. तापाने. पोरीला श्वास पुरत नाही, नळी लावलीय, संध्याकाळी तेवढं काचेतून बघू देतात. तिचीच ही बदकं, लेकरांसारखी वाढवली — भिजवलेला मका तोंडात धरायची अन् ओठांनी चोचीत भरवायची, आपण सगळ्या भरवतो तशीच. मला बघवत नाहीत ती आता. घरात नकोच वाटतात.

वर तो डॉक्टर डोकं खातो नुसता. घरात नवीन पक्षी आणला होता का? रोज तेच. नाही हो बाबा, नवीन कुठला, सगळे आमचेच! ही दोन मागच्या बाजाराला आणली होती, खपली नाहीत, परत नेली — ती काय नवीन झाली? आमचीच की. माझी टोपली मोडली म्हणून दिवसभर त्या व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यात ठेवली होती एवढंच — त्याच्या कोंबड्या तेव्हाच पेंगत होत्या, एक-दोन तर तिथंच — थांब. थांब जरा. घरी नेली, कोंबड्यांत सोडली. मग कोंबड्या गेल्या. यांना काही झालं नाही गं, पण दुखणं घरात आणलं यांनीच. आणि इब्तिसामने त्याच संध्याकाळी भरवलं यांना. दिवसभर उपाशी असतील बिचारी, म्हणाली.

या अल्लाह. आणि मी त्याला नाही म्हटलं. रोज विचारायचा, रोज नाही म्हटलं.

खाली ठेव ते. ठेव म्हणते ना! नाही, विकायचं नाही — फुकटही नाही, कापूनही नाही. ओढणीने तोंड पुसू नकोस, पिसं लागलीत तिला! जा, नळावर जा, हात धू आधी. माझ्याकडे काय बघतेस, जा!