पुढे राहायचा मान

दिजोंच्या जत्रेत दात उपटणाऱ्याच्या तंबूबाहेर रांग होती. मेणबत्तीवाला ओदो ठणकता गाल धरून तिसरा उभा होता. त्याच्या पुढे पाववाली पेरनेट, आणि तिला मागे सारून सगळ्यांच्या पुढे घुसलेला सरदार जोफ्रुआ, नुकताच तुर्कांच्या कैदेतून सुटून आलेला. पेरनेट सरदाराला काही विचारू लागली, तसे ओदोनं कान टवकारले.

“सरदार, बुटांची लांब टोकं कुठं गेली हो?”

“निकोपोलिसच्या लढाईत आम्हीच कापली. चढावर पायात येत होती.”

“पण हंगेरीचा राजा म्हणाला होता ना, आधी माझं पायदळ जाऊ दे म्हणून?”

“आणि आम्ही फ्रेंच सरदारांनी खेडुतांच्या मागून जायचं? पुढे राहायचा मान आमचाच!”

“मग?”

“मग काय! तुर्कांची पहिली फळी उधळून लावली, आणि धापा टाकत टेकडी चढलो.”

“वर कोण होतं?”

“बाकीचे तुर्क.”

“किती?”

“सगळे.”

तेवढ्यात तंबूतून किंकाळी आली आणि पाठोपाठ हाक, “चला, पुढचा कोण?”

“बाई, तुम्ही व्हा पुढे. तुम्हाला घाई असेल.”

“अगबाई! आणि तुम्ही पाववालीच्या मागून जायचं?”