भाऱ्याएवढं उंच दार

अरे, आमच्या गावी, वडप्याला, घरामागचं जुनं खोपट पाडून आम्ही सामानाला शेड बांधली ना, तेव्हा बाबांनी जाड पत्रा, लोखंडी खांब, सिमेंटचा कोबा सगळं मुकाट मान्य केलं. अडले ते दारावर. "अजून उंच पायजे."

फॅब्रिकेटर वैतागला. "काका, अंदर ट्रक लगाना है क्या?"

"न्हाय. आमची मंडळी डोक्यावर भाताचा भारा घेऊन ताठ आत आली पायजे. त्या खोपटात जन्मभर वाकली ती."

शेड झाली. आई आली आणि सवयीनं वाकूनच आत शिरली.

बाबा चिडले, "अगं, ताठ ये की! तुझ्यासाठीच उंच केलंय."

आमच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. आईनं तिकडं पाहिलं. "दार बेस हाय. पण आता भारा कुठून आणू?"