हत्तीपुढचं प्यादं

मंडळी, रामराम. सलाम. कचेरीत गाढव सोडणारा गण्या तो मीच. आज मस्करी न्हाई. रहीमचाचाला माती देऊन आपन चावडीत जमलोय, मी बोलनार नव्हतो. पर देसमुख सरकारांचं भाषण ऐकलं, आन बसवेना.

आधी कबूल करतो. रहीमचाचाच्या डावात मी हात घातलाय. ते नसताना त्यांचं प्यादं सरकवलंय. करू नये ते केलंय.

सरकार आत्ता काय म्हनले? "रहीम नालबंद माझा दोस्त व्हता. बुद्धिबळातली ती संथ पयली चाल मीच त्याला शिकवली." तुमी शिकवली? तुमी?

चार वर्साखाली याच चावडीत तुमचा आन चाचाचा पट मांडला व्हता. तुमचे धा जण हसायला बसलेले. पयली चाल चाचाची. चाचा पानी प्यायला उठले, तुमी पान थुकायला वळलात. मला मिसरूड फुटलेलं, अक्कल न्हाई. अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं मी एक घर ढकललं. सगळ्यात बिनकामाची चाल. म्हनलं, बघू म्हाताऱ्याची फजिती.

तुमी काय म्हनलात, सरकार? "काय बे नालबंदा, प्यादं लंगडं हाय का? त्यालाबी नाल ठोकायचा का?" हसले का न्हाई सगळे? किसन्या, तू तर लोळलास. आज डोळे पुसतोस!

चाचानं पटाकडं पाह्यलं. माझ्याकडं पाह्यलं. म्हनले, "व्हय सरकार. हीच चाल चाललो मी."

मग तुमी सुटलात. वजीर भाईर, दोनी घोडे भाईर, राजाजवळ कुनी न्हाई. चाचा आपले एकेक घर. एकेक घर. दुपारच्या नमाजाआधी तुमच्या राजाला मात. तुमी पट उधळलात. एक घोडा अजून सापडला न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत भट्टीवर गेलो. चाचा तुमच्याच लाथाळ घोडीजवळ उभे.

"गण्या, पयले घोडीचा पाय धरतो का मी?"

"न्हाई चाचा. बाजूला उभं ऱ्हाता. मानंवर हात फिरवता."

"कावून?"

"तिला कळू नये म्हनून."

"गलत. मला कळावं म्हनून. कोन्त्या पायानं मारती, ते तिलाच दाखवू दे." मग हळूच म्हनले, "चाल चांगली हाय बे तुझी."

तवापासून मरेस्तवर चाचा तीच चाल चालले. नदीपल्याडचे खेळणारे आले, हसले, हरले. जोरात निघनारा आपला बेत पयल्याच चालीत सांगून बसतो. चाचा काईच सांगत नव्हते. समोरच्यालाच घाई सुटायची. सरकार, ही चाल तुमची असती, तर चार वर्सं तुमी हरला असतात का?

पर मंडळी, बोलता बोलता मीच अडकलो. तिकडं घरी चाची बसलीय. पट मांडून ठेवलाय तिनं, कडेचं प्यादं एक घर पुढं. नातवाला सांगती, "हमारे मियाँ ने निकाली सो चाल." त्या प्याद्याला माझा हात लागला व्हता, हे तिला कळाय नगं. मी नुसतं लाकूड सरकवलं. जान चाचानं घातली.

पाया पडतो. देसमुख सरकार, तुमच्याबी पडतो. कुनी बोलू नका. आता उठा, चाचासाठी गप उभं ऱ्हा. आन हितून भाईर गेल्यावरबी असंच गप ऱ्हा.