एकोणिसावं जाकीट

"दादा, या जाकिटाला कुबट वास मारतोय. जरा लांब धर."

चामड्याच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात, तुटक्या पट्ट्याची पर्स घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या अगदी मागे बहीण-भावाचं चाललं होतं. बाईने मान वळवली नाही, पण कान तिकडेच लावला.

"लढाऊ विमानाच्या पायलटचं आहे, सत्तर वर्षांपूर्वीचं. वास यायचाच."

"कितवं हे?"

"एकोणिसावं."

"विमानात बसायचं म्हटलं की तुझे पाय लटपटतात, आणि जाकिटं पायलटांची! घालत तर एकही नाहीस."

"घालायला घेतो कुठे?"

"मग कशाला?"

"हे आणायला गेलो, तर पायलटच्या मुलीने बसवून घेतलं. दोन तास वडिलांबद्दल बोलत होती. सगळं सांगून होईपर्यंत मी भाव विचारतच नाही."

"म्हणूनच सगळे तुला गंडवतात."

"गंडवू देत. तेवढा वेळ समोर माणूस असतं."

"अरे, गप्पाच मारायच्या तर मी काय मेले होते?"

भाऊ जाकिटाची अडकलेली चेन ओढत राहिला.

"बोल ना, दादा."

"तुझी वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, चिमे. तू एकदाही मला घरी ये म्हणाली नाहीस."