अकरा प्रकरणं आणि गोल कोपरे

संगणक दुरुस्तीच्या दुकानात नंबर लावून बसलेल्या मुलीने पुस्तक उघडलं होतं खरं, पण बाकावर शेजारी बसलेल्या नवरा-बायकोपुढे तिला पान उलटणं जमेना.

“अगं, पण दिसते किती देखणी! सगळ्या खिडक्यांचे कोपरे गोल केलेत.”

“माझं गणिताचं पुस्तक कुठंय, ते सांगा. अकरा प्रकरणं. उद्या छापखान्यात द्यायची आहेत.”

“ही ऑपरेटिंग सिस्टीम अजून बाजारातसुद्धा आलेली नाही. आपल्याला चाचणीसाठी आधी वापरायला मिळाली!”

“आपल्याला नाही, मला. मी भाजी आणायला गेले, तेवढ्यात माझ्या संगणकावर घातलीत.”

“सुरू होताना काय गोड आवाज येतो!”

“आणि मग बंद पडते.”

“बंदसुद्धा किती अलगद पडते गं!”

“एवढं कौतुक आहे, तर स्वतःच्या लॅपटॉपवर का नाही घातलीत?”

“असं कसं? कंपनीने स्पष्ट बजावलंय, महत्त्वाचं काम असेल त्या यंत्रावर घालू नका.”

“बरं. आणि तुमच्या लॅपटॉपवर कुठलं महत्त्वाचं काम आहे?”

“बुद्धिबळाची उपांत्य फेरी चालू आहे माझी.”

तेवढ्यात दुरुस्तीवाला आतून काउंटरवर आला. “मिळालं, बाई. अकराही प्रकरणं शाबूत आहेत. जुनीच सिस्टीम परत घालतो.”

“हुश्श! घाला बाबा. आणि ही नवी यांच्या लॅपटॉपवर घालून द्या. घर जवळच आहे, मी घेऊन येते.”

“अगं, माझी फेरी...”

“तुम्ही उठू नका हं. नंबर जाईल.”